दोन दिवस जास्त

१

बुधवारी सकाळी साडेदहाला मी फाईल उघडली आणि आत पासपोर्ट नव्हता.

बाकी सगळं होतं. अर्ज, शिफारसपत्रं, पदव्यांच्या प्रती. फीत होती, फितीची गाठही मी मारते तशीच, डावा कान मोठा ठेवून. फक्त शेवटच्या प्लास्टिकच्या खिशातला जुना, कोपरा कापलेला पासपोर्ट कुणीतरी काढून नेला होता.

मी या संशोधन संस्थेत आवक-जावक बघते. आलेला कागद माझ्या खिडकीतून आत येतो, गेलेला माझ्या खिडकीतून बाहेर जातो. सगळे मला आवकबाई म्हणतात. जावकबाई कुणी म्हणत नाही, कारण एकवीस वर्षांत मी कुठे गेलेली नाही.

फाईल बुरशीची होती. बुरशी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतली मुलगी. झाडांच्या मुळांवरच्या बुरशीवर डॉक्टरेट केली, म्हणून ते नाव. गेल्या महिन्यात तिला परदेशातली दोन वर्षांची पोस्ट-डॉक फेलोशिप मिळाली. जगभरातून हजारभर अर्ज, जागा चौदा, आणि त्यातली एक आमच्या बुरशीला. त्या दिवशी प्रयोगशाळेत टाळ्या वाजल्या. आता विचार करते तर वाटतं, टाळ्या जरा जास्तच वेळ वाजल्या.

मग मंगळवारी फेलोशिपच्या कार्यालयाची मेल आली. सरांनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, ती सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचून दाखवली. निनावी तक्रार आली होती. या फेलोशिपला एक फिरतीची अट असते: माणसाने नव्या देशात जाऊन शिकावं म्हणून हे सगळं, तेव्हा ज्या देशात जायचं तिथे गेल्या छत्तीस महिन्यांत बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. बुरशी दोन वर्षांपूर्वी त्याच देशात एका प्रकल्पावर राहून आली होती. तक्रार म्हणत होती, ती तिथे पहिल्या वर्षीच्या १ मार्चपासून पुढच्या वर्षीच्या २ मार्चपर्यंत होती. म्हणजे बारा महिने आणि दोन दिवस. बुरशी म्हणत होती, मी २६ फेब्रुवारीलाच निघाले होते.

शुक्रवारी दुपारी बारापर्यंत निघाल्याच्या शिक्क्याचं पान पाठवा, नाहीतर फेलोशिप रद्द. साक्ष नको, पत्र नको, शिक्का हवा.

शिक्का त्या जुन्या पासपोर्टात होता. प्रत होती फक्त पहिल्या आणि शेवटच्या पानाची, कारण आमच्याकडे झेरॉक्स त्या दोनच पानांची काढायची पद्धत आहे. मधली पानं बघायचं कारण आजवर कुणाला पडलं नव्हतं.

आणि फायलींच्या कपाटाची चावी माझ्या खणात असते.

२

"चावी कुणाकडे?" सरांनी विचारलं.

"माझ्याकडे."

"मग झालं की." ते खुर्चीत मागे रेलले. "बाई, मी काही आरोप करत नाही. पण संचालकांना मला काहीतरी सांगावं लागेल, आणि जे आहे ते सांगेन."

"काय आहे ते?"

"की कपाट तुमचं, चावी तुमची, आणि वस्तू नाही."

मंगळवारी मेल वाचल्यावर माझ्या टेबलाशी तीन जण येऊन गेले होते. सर स्वतः, एका पत्रावर शिक्का मारायला. प्रतीक्षा यादीत पहिला असलेला मुलगा, ज्याला सगळे राखीव म्हणतात, तो आपली कागदपत्रं द्यायला. आणि ताई, रोजच्यासारखा डबा खायला. तिघांच्याही वेळी मी एकदातरी पाणी प्यायला उठले होते. खणाला कुलूप नाही. एकवीस वर्षांत लागलं नव्हतं.

"सर, बुरशी गेली तर तुमचं नुकसान होईल ना?" मी सरळ विचारलं.

ते हसले. हसताना त्यांचे डोळे कधी हसत नाहीत. "नुकसान? अहो, ती मुलगी माझा अर्धा प्रकल्प आहे. पण मी तिला रोखत नाही, कामाला लावतो. मागच्या वेळी ती परत आली ना, विमानातून उतरून चोवीस तास झाले नव्हते, घरी ताप घेऊन पडली होती. मी फोन केला, म्हटलं वार्षिक अहवाल आज संध्याकाळी हवा. शुक्रवार होता. फेब्रुवारीतला शेवटचा, प्रकल्पाचं वर्ष संपत होतं. आणि दिला तिने! याला म्हणतात शिस्त."

"तापात?"

"ताप जातो. अहवालाची तारीख जात नाही."

मी उठले. दारात त्यांनी पुन्हा हटकलं. "शुक्रवारी बारा, बाई. त्यानंतर तुमच्या नावाचा कागद निघेल. तो तुम्हालाच जावकमध्ये चढवावा लागेल, काय गंमत आहे."

३

राखीव पायऱ्यांवर बसून सफरचंद खात होता. मी शेजारी उभी राहिले तरी त्याने जागा दिली नाही.

"मला माहितीय तुम्ही का आलात," तो म्हणाला. "सगळ्यांना वाटतंय मीच केलं. आज कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसलं नाही. एकाने तर विचारलं, बॅग भरली का?"

"भरलीस का?"

"अर्धी." त्याने सफरचंदाचा चावा घेतला. "खोटं कशाला बोलू? ती गेली नाही तर मी जाणार. मला आनंद होईल. पण तो पासपोर्ट मी घेतला नाही."

"तुझं आणि तिचं कधीपासून बिनसलं?"

"बिनसायला आधी काही असावं लागतं." मग त्याने सफरचंद हातात फिरवलं. "होतं म्हणा. मागच्या वेळी ती आली तेव्हा विमानतळावर मीच गेलो होतो. दोन बॅगा, पुस्तकांनी ठासून भरलेल्या, आणि मांडीवर तो बुरशीचा खोका, परवान्याच्या कागदांसकट, जसं काही बाळ. दुसऱ्या दिवशी माझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा होती, बाई. मी अभ्यास सोडून हिच्या बॅगा वाहत होतो. परीक्षकांनी माझी सालटी काढली. आणि हिने नंतर एकदा विचारलं नाही, कशी झाली म्हणून."

"तिला ताप होता."

"तेव्हा होता. नंतर दोन वर्षं नव्हता ना?"

त्याची तोंडी परीक्षा कधी झाली ते मला बघावं लागलं नाही. परीक्षकांच्या चहाची मागणी माझ्याच खिडकीतून जाते. २७ फेब्रुवारी, शुक्रवार. म्हणजे बॅगा वाहिल्या त्या २६ला, गुरुवारी. बुरशी खरं सांगत होती: ती बारा महिने पुरे व्हायच्या दोन दिवस आधी निघाली होती.

"हे तू सरांना का नाही सांगितलंस? ती २६लाच आली म्हणून?"

त्याने सफरचंदाचा गाभा कुंडीत टाकला. "मला कुणी विचारलं नाही. आणि त्यांना साक्ष नकोय, शिक्का हवाय. मी बोललो काय, नाही बोललो काय."

"बोलला असतास तर तिला बरं वाटलं असतं."

"तेच तर," तो म्हणाला.

४

दुपारी ताई आली. प्रयोगशाळेतली सगळ्यात जुनी शास्त्रज्ञ. गेली वीस वर्षं आम्ही माझ्या टेबलावर समोरासमोर बसून डबा खातो, मी फायली बांधत असते, ती बोलत असते. बुरशीला नमुने वाढवायची पहिली प्लेट हातात धरायला ताईनेच शिकवलं. शिफारसपत्रही तिचंच, तीन पानांचं. एवढं सुरेख की मी पाकीट बंद करण्याआधी दोनदा वाचलं होतं.

"जेवत का नाहीस?" तिने विचारलं.

"भूक नाही. सर माझ्यावर ढकलतायत."

"त्यांचं काय मनावर घेतेस. मी आहे ना, मी बोलते संचालकांशी." तिने स्वतःच्या डब्यातलं माझ्या झाकणात वाढलं. "पोरगी कशी आहे?"

"रडत नाहीये. ते जास्त वाईट."

"ती नाहीच रडायची." ताईचा आवाज मऊ झाला. "तुला आठवतं, मागच्या वेळी? बाईसाहेब विमानात बसायच्या आधी तिचे नमुने इकडे हजर. माणूस मागून, खोका पुढे! खोका मीच उतरवून घेतला. मला तेव्हाच कळलं, ही पोर इथे टिकायची नाही. हिचं घर त्या खोक्यात आहे."

"तू कधी गेली नाहीस बाहेर, ना?"

"मला मिळाली होती एक. एकोणीस वर्षांपूर्वी. सर तेव्हा नवे होते, म्हणाले, प्रयोगशाळा उभी राहू दे, मग जा. राहिली उभी." तिने डबा बंद केला, झाकण दोनदा दाबलं. "आता माझं वय अटीत बसत नाही."

ती गेली. झाकणात वाढलेलं मी खाल्लं, कारण टाकवत नाही. आणि खाता खाता आठवलं.

राखीव म्हणाला होता, विमानतळावरून येताना खोका तिच्या मांडीवर होता.

५

गुरुवारी मी बुरशीला खिडकीच्या आत बोलावलं. तिचे डोळे कोरडे होते आणि नखं कुरतडलेली.

"मावशी, मी रद्द करून टाकते," ती म्हणाली. "मीच लिहिते की मला यायचं नाही. म्हणजे तुमच्यावर काही येणार नाही."

"गप्प बस. मला एक सांग. २ मार्च ही तारीख कुठल्या कागदावर आहे?"

"कुठल्याच नाही! तेच तर. तिकीट २६चं, ते काढलं यजमान संस्थेने, आणि त्यांचं ऑफिस दहा दिवस बंद. इथे मी हजर झाले ३ तारखेला. २ कुठून आली मला माहीत नाही."

"खोटं बोलणाऱ्याने दोनच दिवस का वाढवले असतील?"

तिने खांदे उडवले.

"मी खोटं बोलेन तर ऐसपैस बोलेन," मी म्हटलं. "महिनाभर वाढवेन. दोन दिवस हे खोटं बोलणाऱ्याचं माप नाही. ज्याला ते खरंच वाटतं त्याचं माप आहे. तक्रार करणाऱ्याला मनापासून वाटत होतं की तू २ तारखेला निघालीस. आता बघ, सरांनी २७ला तुझ्या घरी फोन केला. राखीवने २६ला तुझ्या बॅगा वाहिल्या. दोघांना खरी तारीख माहीत. लिहायचंच असतं तर दोघांनी दुसरं काहीतरी लिहिलं असतं. मग हे वाटलं कुणाला, आणि कशावरून?"

मी दोन वर्षांपूर्वीचं आवक रजिस्टर काढलं. माझी एक खोड आहे. येणाऱ्या सामानासोबत चिठ्ठी आली की ती घेणाऱ्याला वाचू द्यायची, सही घ्यायची, आणि चिठ्ठी डिंकाने नोंदीशेजारी चिकटवून टाकायची. सुटा कागद मला बघवत नाही. सगळे हसतात या खोडीला.

२८ फेब्रुवारी, शनिवार. एक खोका, जिवंत नमुने. गावातलं कुरिअर. शेजारी बुरशीच्या अक्षरातली चिठ्ठी:

*विमान परवा. अंगात ताप. खोका लगेच उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवा, प्लीज. मी मंगळवारी.*

खाली घेणाऱ्याची सही.

"हे तू लिहिलंस?"

"हो. घरातून. उठवत नव्हतं म्हणून खोका कुरिअरने पाठवला."

"विमान परवा. परवा म्हणजे?"

"म्हणजे परवा!" ती वैतागली. "गुरुवारी. झालं की विमान."

"आणि मी आज तुला म्हटलं, विमान परवा, तर तू काय करशील?"

तिने चिठ्ठी पुन्हा वाचली. मग अगदी हळू म्हणाली, "बॅग भरेन."

शनिवारपासून मागे मोजा, गुरुवार, २६ फेब्रुवारी. शनिवारपासून पुढे मोजा, सोमवार, २ मार्च. क्रियापद लिहिलं असतं, *होतं* नाहीतर *आहे*, तर हे काहीच घडलं नसतं. तापात माणूस क्रियापदं खातो. आणि खोका घेणारीने कुरिअरची पावती पाहिली नव्हती, तिला वाटलं खोका परदेशातूनच आधी पाठवलाय. माणूस मागून, खोका पुढे.

बुरशीने सहीवर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं.

"नाही," ती म्हणाली. "मावशी, नाही. त्यांनी माझं पत्र लिहिलंय."

"फाईलची गाठही माझ्यासारखी मारलेली होती. डावा कान मोठा. ती मी कुणाला शिकवलेली नाही. वीस वर्षं समोर बसणाऱ्याला शिकवावी लागत नाही."

६

उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर दुसऱ्या मजल्याच्या टोकाला आहे, माणसाएवढा उंच, सतत गुरगुरणारा. तो खोका अजून तिथेच होता, आणि ताईने त्यावर काय लिहून ठेवलंय ते मला बघायचं होतं. बुरशीने जाड हातमोजे घातले. खालून तिसऱ्या कप्प्यातून तिने दोन वर्षांपूर्वीचा खोका ओढला. झाकणावर पांढरी पट्टी होती, ताईच्या गोल, शिक्षिकेसारख्या अक्षरात: *२८ फेब्रु. आला. मालकीण २ मार्चला निघणार.*

"त्यावरूनच तारीख घेतली," मी म्हटलं. "तिचं सगळं लिहिलेलं असतं."

बुरशीने झाकण उघडलं. नळ्यांच्या ओळी, आणि त्यांच्यावर आडवा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून चिकटपट्टी मारलेला, बर्फाने पांढरा झालेला पासपोर्ट.

"ते लगेच उघडू नकोस," मागून ताई म्हणाली. "पिशवीतच ठेव, गरम होऊ दे. नाहीतर पानांना पाणी सुटेल. शिक्का जाईल."

ती दारात उभी होती. ॲप्रन, केस वर बांधलेले, गळ्यात चष्मा. रोजच्यासारखी.

बुरशीने पिशवी बाहेर काढली आणि फ्रीजरचं दार ढकललं.

"मला खरं वाटलं होतं," ताई म्हणाली. माझ्याशी, तिच्याशी नाही. "तक्रार लिहिली तेव्हा. मला वाटलं, अट म्हणजे अट. मला एकेका अटीने अडवलंय, तेव्हा कुणी डोळेझाक केली नाही. हिच्यासाठी का करायची?"

"आणि मंगळवारी पासपोर्ट काढून शिक्का बघितलास तेव्हा?" मी विचारलं. "२६ बघितलंस तेव्हा?"

तिने गळ्यातला चष्मा ॲप्रनला पुसला.

"तिथे थांबली असतीस ना, ताई, तर ती चूक होती. चुकीचा वाचलेला शब्द. मी स्वतः तुझ्या बाजूने बोलले असते. पण तू गाठ मारलीस. माझ्यासारखी मारलीस. सर माझ्यावर ढकलत होते आणि तू माझ्या झाकणात वाढत होतीस."

"मी संचालकांशी बोलणार होते तुझ्याबद्दल. खरंच."

"शुक्रवारी बारानंतर?"

बुरशी पहिल्यांदाच बोलली. पिशवी छातीशी धरली होती, थंडीने ॲप्रनवर ओला डाग पडत होता. "पत्रात तुम्ही लिहिलंत, असे हात मी दुसरे पाहिले नाहीत. ते खोटं होतं?"

"एक शब्द खोटा नाही." ताईने बुरशीच्या हातांकडे बघितलं. "ते हात मी घडवलेत. आठ वर्षं. तू गेलीस की सर म्हणणार, ताई, पुढच्या पोरीला तयार करा. मी सगळ्यांना तयार करते आणि सगळे जातात. एकदा तरी कुणी राहावं."

"मग पासपोर्ट फाडून का नाही टाकलात?"

"फाडवेना." ताईने फ्रीजरकडे बघितलं. "इथे आपण जे जगवायचं असतं तेच ठेवतो."

मला वाटलं, बुरशी विरघळेल. आठ वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. पण तिने हातमोजे काढले, एकावर एक नीट ठेवले, जसं ताईने शिकवलं होतं, आणि म्हणाली, "बाजूला व्हा. मला खाली जायचंय."

ताई बाजूला झाली.

७

शुक्रवारी, अकरा वाजून दहा मिनिटांनी, जावक: पासपोर्टच्या चौदाव्या पानाची प्रत, एक. शिक्का स्वच्छ आला होता. बर्फाचं काही बिघडलं नव्हतं. प्रत मी सगळ्या पानांची काढली, पद्धत गेली खड्ड्यात.

माझी बाजू मी लिहून संचालकांना दिली, चिठ्ठीच्या आणि पट्टीच्या फोटोसकट. सरांनी प्रकरण गुंडाळायचा प्रयत्न केला, प्रयोगशाळेचं नाव जाईल म्हणून. मी म्हटलं, आवक झालेला कागद परत जात नाही. ताईची चौकशी लागली, तिला मागच्या इमारतीत बसवलं. सर माझ्याशी बोलत नाहीत, ही त्यातली चांगली गोष्ट. राखीव यादीत राखीवच राहिला. त्याने बुरशीला विमानतळावर सोडायचं कबूल केलंय, तेही अशा आवाजात की जणू शिक्षा भोगतोय. बुरशीने त्याला विचारलं म्हणे, तुझी तोंडी परीक्षा कशी झाली होती रे? तो म्हणाला, लवकर आठवलं.

मी आता डबा एकटी खाते. खणाला कुलूप लावलंय. फाईलची गाठ बदलायचा प्रयत्न केला, पण हाताला जुनीच येते.

काल ताई खिडकीशी आली. कागद काही नव्हता तिच्या हातात. बराच वेळ खिडकीच्या कडेवरची धूळ बोटाने पुसत राहिली. तिने आत बघितलं नाही, मीही मान वर केली नाही.

"पोरीचं विमान कधी?" तिने विचारलं.

मी रजिस्टरमध्ये नोंद लिहीत होते. ती पूर्ण केली. पेनाचं टोपण लावलं.

"परवा," मी म्हटलं, आणि खिडकी लावून घेतली.